हातात द्या

बिल्ला माझ्या भुवईवर बसला आणि खाली चिखलात पडला.

"उचल," सॅनिटरी इन्स्पेक्टर म्हणाला. "बघायला आलीस ना? मग रांगेत उभी राहून बघ."

डाव्या डोळ्यात रक्त उतरत होतं. नगरपालिकेच्या मागच्या आवारात झाडूवाल्या बायकांची हजेरी चालली होती. ज्या खुर्चीवर मी आठवडाभर बसले, तिच्यावर मुकादम पाणी ओतत होता.

गावाचं नाव लिहीत नाही. ठाण्यापासून कल्याणपर्यंत कुठलंही घ्या.

मी मुंबईच्या एका संस्थेत शिकते. स्थानिक कारभारात माणसं एकमेकांशी कशी वागतात, त्यांना पुढे कोण नेतं, हा विषय. एका खात्यात बसायचं, पाहायचं, लिहायचं. शेवटी तिथल्या साहेबाचा दाखला आणायचा. दाखल्याशिवाय पदविका मिळत नाही. मला आरोग्य खातं मिळालं.

पहिल्या दिवशी मी इंग्रजीत दोन वाक्यं बोलले. इन्स्पेक्टर उठून उभा राहिला. खुर्ची मागवली. स्वतःच्या कपबशीतला चहा दिला. मिस, मिस करत राहिला. घर कुठलं, कुणाची, काही विचारलं नाही. असं इंग्रजी बोलणारी मुलगी कुणाची असणार, हे त्याने मनाशी ठरवून टाकलं होतं. मीही सांगितलं नाही. मी मुळातच कमी बोलते. गप्प बसणारीला पुष्कळ दिसतं.

प्रत्येक बाईचा एक पितळी बिल्ला. त्यावर नंबर कोरलेला. सकाळी मुकादम नंबर पुकारतो आणि बिल्ला जमिनीवर फेकतो. बाई वाकते, उचलते, कमरेला खोचते, खराटा घेऊन निघते. संध्याकाळी तो बिल्ला तिने पाण्याच्या बादलीत टाकायचा. पाण्यातून निघाला की मुकादमाच्या हाताला चालतो. शिवाशिवीविरुद्ध कायदा होऊन गेला होता. बादली तिथेच होती.

रांगेत सगळ्यांत म्हातारी भागाबाई. तिचे गुडघे लवकर वाकत नाहीत. एका सकाळी तिला वाकायला वेळ लागला. इन्स्पेक्टरने तिच्या मानेवर काठी ठेवली आणि दाबत गेला. तिचं कपाळ मातीला टेकलं तरी दाबत राहिला. मुकादम हसला. म्हणाला, म्हातारीला आज देव दिसला. इन्स्पेक्टर माझ्याकडे वळला.

"डिसिप्लिन, मिस."

याच शब्दावर आमच्या प्राध्यापकांनी तासभर व्याख्यान दिलं होतं. त्यात काठी नव्हती.

मुकादमाची बहीण ठाण्याला कोपरीत राहते. मीही कोपरीतच वाढले. आठवडा संपता संपता तिने त्याला माझी माहिती दिली. दुसऱ्या दिवशी माझ्यासमोरच तो म्हणाला, "साहेब, हिची आई मिशनच्या शाळेत संडास झाडते. म्हणून फुकट शिकली ही."

खरं होतं. मी मान हलवली.

इन्स्पेक्टरने आधी कपाकडे पाहिलं. मी त्यातून प्याले होते. त्याने तो भिंतीवर फोडला. मला दंडाला धरून उठवायचं तर हात लावावा लागला असता, म्हणून काठीनेच ढोसत रांगेकडे नेलं. मग कुणाचा तरी बिल्ला उचलून माझ्या तोंडावर फेकला.

मी वाकले नाही. काठी खांद्यावर बसली. मग पाठीवर. पुन्हा आली तेव्हा मी ती धरली. तळवा सोलून निघाला.

"हातात द्या," मी म्हणाले.

त्याने काठी पिळून सोडवली आणि पोटात खुपसली. मी भिंतीला धडकून खाली बसले. मुकादमाने घाईघाईने पुढचा नंबर पुकारला. भागाबाईचा. बिल्ला पडला. ती उभीच.

"हातात दे रं, मुकादमा," ती म्हणाली. "माझा हात काय इस्तव हाय?"

त्याने तिच्या थोबाडीत मारली. जिला शिवायचं नाही त्या बाईला त्याचा हात लागला, आणि त्याच्या ते लक्षातही आलं नाही. तिच्या ओठातून रक्त आलं. ती हलली नाही. पुढचा बिल्ला पडला. त्याच्या पुढचाही. एकही बाई वाकली नाही. त्या दिवशी गाव झाडलं गेलं नाही.

इन्स्पेक्टरने सांगितलंय, सोमवारी बिल्ले उचला, नाहीतर कायमच्या घरी बसा. प्राध्यापकांनी मला बोलावून घेतलं. पाहायला गेलेल्याने मध्ये पडायचं नसतं, माफी मागून दाखला घेऊन ये, असं म्हणाले. अगदी मृदू आवाजात, इंग्रजीत. मी नाही म्हणाले.

आज रविवार. दुपारी भागाबाईच्या दारात सगळ्या जमल्या होत्या. एकीने मला विचारलं, "तू शिकलेली. तू जाशील निघून. आमी कुठं जायाचं?"

मी कुठेही जाणार नाही. उद्या रांगेत पहिली मी असेन. मला नंबर नाही, दाखलाही नाही. हजेरीआधी ती बादली उलथवणार. मग काठी उठेल. या वेळी ती नुसती धरणार नाही. मोडणार.