दुसऱ्यांदा विचारलेला कौल

आमच्याकडे जमिनीचा तुकडा नव्हता. आबा लोकांच्या गुऱ्हाळावर राबायचे; पावसाळ्यात तेही काम बंद. तेव्हा घर चालायचं ते आत्तीवर, आबांच्या थोरल्या विधवा बहिणीवर. गावाच्या जुन्या चिंचेखाली ती कौल लावायची. विचारायला येणारा पसाभर तांदूळ ठेवून जायचा.

ही चिंच आधी डोंगरावर होती, तहान लागली म्हणून एका रात्रीत चालत ओढ्याला आली, असं गाव मानायचं. बुंधा ओढ्याकडेच वाकलेला. नवखा कुणी हसला तर आत्ती म्हणायची, "पावणं, तहान लागल्यावर तुमी कुठवर चालला असता?"

एरवी तिचा आवाज ओढ्यापलीकडं जायचा, पण झाडाशी ती पुटपुटत बोलायची. बुंध्याशी असलेल्या दगडाला पाणी लावून दोन्ही अंगांना कण्हेरीची एकेक पाकळी चिकटवायची. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. एका गोष्टीला एकदाच कौल. पाटलीणबाईंच्या मुलाला पलटणीत जायचं होतं, डावी पडली. पुन्हा विचार म्हणून पाटलीणबाई रडल्या. "झाडाशी हुज्जत घालायची न्हाय," आत्ती म्हणाली. पोरगा घरीच राहिला.

मी मॅट्रिक झाले, तेव्हा आबांनी आजऱ्याकडचं स्थळ बघून ठेवलं होतं. मला कोल्हापूरला कॉलेजात जायचं होतं. "झाड म्हणंल तसं," आबा म्हणाले. चारचौघांसमोर आत्तीनं विचारलं, पोरीला शिकाय धाडू का? डावी पाकळी पडली.

मी मान खाली घातली. आत्तीनं दगडाला पुन्हा पाणी लावलं, नव्या पाकळ्या घेतल्या.

"आक्का, हे काय?" आबा म्हणाले.

"झाड म्हातारं झालंय. ऐकाय कमी येतंय त्याला." आणि तिनं अख्ख्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात तेच विचारलं. उजवी पडली.

"माझ्या लेकाच्या येळंला बरं ऐकाय येत होतं की," पाटलीणबाई म्हणाल्या. आत्ती पडलेल्या पाकळ्या वेचू लागली.

आबांनी शब्द पाळला. शाहूपुरीत एका घरी स्वयंपाक करून मी शिकू लागले. गावात मात्र आत्तीकडे कौल विचारायला पुन्हा कुणी आलं नाही. तांदूळ थांबले. त्या वयात ती दुसऱ्यांच्या रानात भांगलायला जाऊ लागली.

सुट्टीत तिच्या हातांच्या भेगांना तेल लावताना मी विचारलं, "आत्ती, खरा कौल कुठला गं? पहिला का दुसरा?"

"ते आता तू ठरीव," ती म्हणाली. "मी इचारायचं ते इचारलं."

माझा निकाल ऐकून, मगच आत्ती गेली. मी बी.ए. झाले होते. आमच्या घराण्यात पहिली.