आठ फेऱ्या आणि एक रिकामी खुर्ची

डोकं शांत झाल्यावर लिहावं म्हणून बारा दिवस थांबले. ते काही शांत होत नाही, तेव्हा आहे तसंच लिहितेय. बेंगळुरूला मास्टर्स पोहण्याच्या स्पर्धेला जायचा विचार करणाऱ्यांनी जरूर वाचा. रस्ते, खाणं, खर्च सगळं सांगते. मध्ये मध्ये चिडले तर समजून घ्या.

मी कोल्हापूरची, वय चौपन्न. पॅथॉलॉजी लॅबमध्ये एकतीस वर्षं काढली. सत्तेचाळिसाव्या वर्षी गुडघ्याच्या डॉक्टरांनी पाण्यात जा म्हणून सांगितलं आणि मी पाण्यात गेले ती बाहेर आलेच नाही. मास्टर्स म्हणजे पंचविशीच्या पुढच्यांची स्पर्धा, पाच-पाच वर्षांचे गट करून. माझा प्रकार चारशे मीटर फ्रीस्टाइल. मोठ्या तलावात आठ फेऱ्या. गेल्या वर्षी मला दहा मिनिटं चाळीस सेकंद लागायचे. आमच्या सरांच्या स्टॉपवॉचवर यंदाची सर्वांत चांगली वेळ दहा अकरा. मला दहा मिनिटांच्या आत यायचं होतं. पदक नको, फोटो नको, फक्त नऊने सुरू होणारा एक आकडा हवा होता. त्यासाठी वर्षभर पहाटे पाचला उठले, लग्नकार्यांत जिलेबीकडे बघितलं नाही. यजमान म्हणाले, "एवढ्या लांब जाऊन पोहायचं, इथलं पाणी काय वाईट आहे?" मी फॉर्म भरला.

कोल्हापुरातून स्लीपर बस मिळते, बाराशेच्या आसपास. खिडकीची खालची सीट घ्या, वरच्या सीटवर हुबळीपर्यंत नुसती उसळत होते. शनिवारी सकाळी यशवंतपूरला उतरले. तिथून हिरव्या मार्गाची मेट्रो थेट नॅशनल कॉलेजपर्यंत जाते आणि बसवनगुडी तिथून चालत. बाहेरच्या रिक्षावाल्याने मीटर दाखवायच्या आधीच चारशे सांगितले. भांडू नका, मेट्रोत बसा. मी भांडले आणि दहा मिनिटं घालवली.

बसवनगुडीत माझी मावसनणंद शारदाअक्का राहते. तिला दिलेलं घर तिथल्या जुन्या मराठी घराण्यांपैकी. साडेतीनशे वर्षांपूर्वी आले ते तिकडचेच झाले. घरात मराठी, दारात कन्नड. तिचे यजमान यशवंतअण्णा बस डेपोत वेळा नोंदवायच्या कामावर होते. कुठली गाडी किती वाजता सुटली, किती वाजता लागली, ते लिहायचं. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, पण खिशातली छोटी वही आणि मनगटावरचं मोठ्या तबकडीचं घड्याळ सुटलेलं नाही.

"उद्या स्पर्धा होसकोटेला? अय्यो, लांब पडतं वहिनी," अण्णा म्हणाले. "मी येतो. नाहीतर तुम्हाला कोणीतरी व्हाइटफील्डला नेऊन सोडतील की."

संध्याकाळी त्यांनी गांधी बझारजवळच्या उभ्याने खायच्या हॉटेलात नेलं. मऊ 'खाली' डोसा, म्हणजे आत भाजी नसलेला, आणि त्यावर लोणी. स्पर्धेच्या आदल्या दिवशी लोणी खाऊ नये हे मला माहीत होतं. खाल्लं. कॉफी मात्र अण्णांनी 'बाय-टू' मागवली, म्हणजे एक कॉफी दोन पेल्यांत अर्धी-अर्धी. तिथे सगळेच तसं करतात आणि अण्णा तर जन्मात पूर्ण कॉफी प्यायलेले नाहीत, असं अक्का म्हणाली.

रविवारी एक गोष्ट लक्षात ठेवा, मेट्रो सातला सुरू होते. आम्हाला सातला तलावावर हजर व्हायचं होतं. म्हणून साडेपाचला रिक्षाने शिवाजीनगर आणि तिथून होसकोटेची बस. कर्नाटकात बायकांना बस फुकट आहे, पण तिथलं ओळखपत्र लागतं. माझं आधार कोल्हापूरचं, तेव्हा तिकीट काढलं. सकाळी तासाभरात पोचलो. परतताना त्याच रस्त्याला अडीच तास लागले.

तलाव होसकोटेच्या अलीकडे, एका नव्या क्रीडा संकुलात. पाणी स्वच्छ, निळंशार, पन्नास मीटर, आठ लेन. बघून मन भरून आलं. मग बायकांच्या कपडे बदलायच्या खोलीचं दार उघडलं तर आत पाहुण्यांसाठी आणलेल्या खुर्च्यांची छपरापर्यंत थप्पी, त्यावर पुष्पगुच्छ, शाली आणि सत्काराचे म्हैसुरी फेटे. फेट्यांना खोली होती. आम्ही बायकांनी संडासात एका पायावर उभं राहून पोशाख चढवले. माझ्यासोबत पुण्याहून आयटीसाठी तिकडे गेलेली मुग्धा नावाची मुलगी होती, अडतिशीची. मी कुरकुरले तर म्हणाली, "काकू, चिल करा ना! एनर्जी सेव्ह करा, रेसला लागेल." बरोबरच होतं तिचं, म्हणून जास्त राग आला.

नऊची शर्यत पावणेदहाला लागली. वेळ वाचवायचा म्हणून पुरुष, बायका, तरुण, म्हातारे सगळे एकाच वेळी पाण्यात. प्रत्येक लेनच्या टोकाला खुर्ची आणि खुर्चीवर गळ्यात स्टॉपवॉच घातलेला वेळ घेणारा. माझी लेन सातवी. माझा वेळ घेणारा चांगला पन्नाशीचा गृहस्थ होता, पांढरी टोपी घातलेला. "ऑल द बेस्ट, मॅडम," म्हणाला. मी त्याला नमस्कारसुद्धा केला.

पहिल्या चार फेऱ्या अशा गेल्या की मला माझंच कौतुक वाटलं. हात लांब, श्वास तिसऱ्या हाताला, पाय नुसते सोबतीला. सहाव्या फेरीत डाव्या गॉगलमध्ये पाणी शिरलं. थांबले नाही, एक डोळा मिटून पोहत राहिले. सातव्या फेरीत वळताना लाउडस्पीकरवर काहीतरी जोरात चाललेलं ऐकू आलं. पाण्यातून कन्नडही कळत नाही आणि इंग्रजीही. मला वाटलं, शेवटच्या पोहणाऱ्यांना प्रोत्साहन देतायत. शेवटची फेरी तर मी अशी मारली की खांदे निखळतील असं वाटलं.

भिंतीला हात लावला. गॉगल वर केला. किती, म्हणून विचारायला वर बघितलं तर खुर्ची रिकामी.

माझ्या खुर्चीवर कोणी नव्हतं. आठही खुर्च्यांवर कोणी नव्हतं. प्रमुख पाहुणे आले होते आणि त्यांना लगेच जायचं होतं, म्हणून सगळ्या पंचांना आणि वेळ घेणाऱ्यांना ग्रुप फोटोसाठी स्टेजवर बोलावलं होतं. लाउडस्पीकर तेच सांगत होता. पाहुण्यांच्या डोक्यावर फेटा चढत होता आणि दुसऱ्या रांगेत माझा पांढऱ्या टोपीवाला हसत उभा होता, गळ्यात माझं वर्ष घालून.

मी पाण्यातून निघाले ती ओलीच स्टेजपाशी गेले. अण्णा प्रेक्षकांतून उतरून मागे मागे आले. "वहिनी, स्वल्प थांबा, ऐका तरी..."

"अण्णा, तुम्ही मध्ये पडू नका," मी म्हटलं. माझा आवाज लॅबमध्ये सकाळच्या गर्दीसाठी कमावलेला आहे.

टोपीवाल्याचा चेहरा पडला. "सॉरी मॅडम, सब लोग फिनिश हो गया सोचा. बंद कर दिया." स्टॉपवॉच शून्यावर होतं. मग ब्लेझर घातलेले सचिव आले. त्यांना वाटलं, मला पदकाची काळजी आहे. "मॅडम, गोल्ड आपका ही है! आपके ग्रुप में आप अकेली हैं ना." म्हणजे मी तलावात नुसती बुडाले नसते तरी सुवर्ण पक्कं होतं. मी म्हटलं, पदक नको, वेळ सांगा. ते हसले, खिशातून पेन काढलं, माझं प्रमाणपत्र समोर ओढलं आणि म्हणाले, "टेन्शन मत लीजिए. कितना टाइम चाहिए, बोलिए. नौ पचास लिख दूँ?"

नऊ पन्नास! कांद्या-बटाट्याचा भाव सांगावा तसा. एकतीस वर्षं लोक माझ्या खिडकीशी येऊन सांगतात, मॅडम, विम्याचं काम आहे, साखर जरा कमी लिहा. एकतीस वर्षं मी एकच उत्तर देते, साखर कमी खा, कमी लिहीन. आणि हा माणूस मला माझाच रिपोर्ट हवा तसा करून देत होता, वर उपकार केल्यासारखा!

"खरं काय ते लिहा," मी म्हटलं. "वेळ घेतली नाही, असं लिहा."

"वैसा कैसे लिख सकते हैं, मॅडम? हमारा नाम खराब होगा."

खोटं म्हणाल ते लिहायला पेन तयार होतं, खरं लिहायला शाई संपली. मी बराच वेळ भांडले, मराठीत, हिंदीत आणि मला येतात त्या चार कन्नड शब्दांत. शेवटी वेळेचा रकाना कोरा ठेवून प्रमाणपत्र माझ्या हातात आलं. मुग्धा म्हणाली, "जाऊ द्या ना काकू, गोल्ड आहे! चला, सेल्फी काढू." त्या फोटोत मी कोणाचा तरी जीव घ्यायला निघाल्यासारखी दिसतेय.

बसथांब्यावर ऊन रणरणत होतं. मी बडबडतच होते. कधीतरी मला धाप लागली तेव्हा ते म्हणाले, "झालं? आता मी बोलू? मघापासून सांगतोय, तुम्ही बोलू देत नाही." आणि त्यांनी खिशातली वही काढली.

पानावर एकाखाली एक आठ आकडे होते. डेपोत प्रत्येक गाडीची वेळ लिहायचे तशी त्यांनी माझी प्रत्येक फेरी लिहिली होती. पहिली एक आठ, दुसरी एक तेरा, तशी आठवी एक चौदापर्यंत. "सहावीला एक वीस," बोट ठेवून ते म्हणाले. "तिथं काय झालं वहिनी? तिथं तुम्ही लेट झालात."

गॉगलमध्ये पाणी गेलं होतं, हे मी कोणालाही सांगितलं नव्हतं. शेवटी रेघ मारून बेरीज होती, दहा मिनिटं चार सेकंद.

चार सेकंद. मी ते पान दोनदा वाचलं. मग माझ्याच तोंडून निघालं ते मी इथे लिहितेय, कारण लपवलं तर हा सगळा राग खोटा ठरेल. मी म्हटलं, "अण्णा, हातातलं घड्याळ आहे. चारेक सेकंद इकडे-तिकडे होत असतील ना?"

अण्णांनी वही मिटली. रागावले नाहीत. "पस्तीस वर्षं ड्रायव्हर लोक हेच विचारत होते, वहिनी," म्हणाले.

बस आली. के. आर. पुरमच्या कोंडीत तासभर उभी राहिली. त्या सचिवांवरचा राग तसाच होता, पण आता त्यांच्या शेजारी मलाही उभं करावं लागत होतं. अर्ध्या वाटेत कुठेतरी डोक्यात आलं की सरांच्या स्टॉपवॉचवर माझं दहा अकरा होतं. म्हणजे आयुष्यात मी इतकी जोरात कधीच पोहले नव्हते. हे मी अण्णांना सांगितलं.

"सरी," ते म्हणाले, म्हणजे बरोबर. "मग गाडी बिफोर टाइम आली की!"

शिवाजीनगरला उतरल्यावर ते मला एका छोट्या हॉटेलात घेऊन गेले आणि काउंटरवर दोन बोटं दाखवली. मी सवयीने बाय-टूची वाट बघत उभी होते. दोन पूर्ण कॉफ्या आल्या. अण्णांना अर्ध्यावर जड झालं, पण संपवली.

घरी येऊन बारा दिवस झाले. पदक यजमानांनी टीव्हीपाशी लावलं होतं, ते मी काढून कपाटात टाकलं. आलेल्या-गेलेल्याने सोन्याचं कौतुक केलं की मला पुन्हा ती रिकामी खुर्ची दिसते. प्रमाणपत्राचा रकाना कोराच आहे. वहीतलं पान अण्णांनी फाडून दिलं नाही, नोंदवहीतलं पान फाडत नाहीत म्हणाले. माझ्यासाठी त्यांनी ते दुसऱ्या कागदावर उतरवून खाली सही केली.

काल पुढच्या स्पर्धेचा फॉर्म आला. त्यात रकाना आहे, यापूर्वीची सर्वोत्तम वेळ. मी दहा चार लिहिलं. शेजारी, वेळ कोणी घेतली, तिथे लिहिलं, यशवंतअण्णा, बस डेपो, निवृत्त. सर म्हणाले, "ताई, हा फॉर्म परत येणार."

येऊ दे. परत आला तर परत भरीन, तेच लिहून. तोवर रोज सकाळी सहाव्या फेरीवर काम चालू आहे.