मोहन्याहून ठाण्याला: वैशाली खिडकीत काय म्हणाली

लिहायला फार उशीर झाला, माफ करा. खडवलीच्या नदीवरचं लिखाण टाकल्यानंतर माझ्याकडून काहीच आलं नाही म्हणून तुमच्यातल्या काहींनी प्रकृतीची चौकशी केली. प्रकृती ठीक आहे, बीपीची गोळी चालू आहे. हा प्रवास लिहावा की नाही याचीच भीती वाटत होती. लिहायचो आणि पुसून टाकायचो.

माझी मुलगी वैशाली हिने एक सिनेमा केलाय. लिहिला तिने, त्यात मुख्य कामही तिचंच. त्यासाठी शाळेतली कायमची नोकरी सोडली. आई गेल्यावर भाऊ आणि बहीण स्वयंपाकघरात बसून घराचं काय करायचं ते बोलतात, दोन तास, बाकी काही घडत नाही. हे तिने फोनवर आधीच सांगितलेलं. म्हणाली, "अण्णा, कंटाळा आला तर झोपा, पण या." खरंच झोप लागली आणि घोरलो तर? लोक मधेच उठून गेले तर? हा कोणाला आवडला नाही तर पुन्हा सिनेमाचं नाव काढणार नाही, असंही ती म्हणालेली. मग नोकरीही नाही आणि सिनेमाही नाही.

एकट्याने जायची छाती होईना, म्हणून शेजारच्या तांब्यांना विचारलं. तांबे आणि मी रेयॉनच्या कारखान्यात एकाच खात्यात होतो. तिथे मशीनचा आवाज इतका की कानाला तोंड लावलं तरच ऐकू येई. म्हणून आम्ही सगळे समोरच्याचे ओठ बघून बोलणं ओळखायला शिकलो. ज्याला तोंड दिसत नसेल त्याला शेजारच्याने कानाशी ओरडून पुढे सांगायचं, ही तिथली रीत. कारखाना कधीच बंद पडला, पण आमची सवय सुटली नाही. घरीसुद्धा आम्ही आवाज न काढता बोलायचो. वैशाली लहान होती, आमच्या मधे बसून कधी याच्या तोंडाकडे, कधी त्याच्या तोंडाकडे बघत राहायची.

तांब्यांनी बायकोला, सुनंदावहिनींना सांगितलं, वहिनींनी चाळीत सांगितलं, आणि आम्ही व्हॅन भरून निघालो. खर्च माणशी वाटून घेतला तर व्हॅन परवडते, आणि म्हाताऱ्यांना जिने चढावे लागत नाहीत. रविवारी सकाळी निघताना मी गॅस बघायला परत वर गेलो. मग किल्ली बघितली. मग पुन्हा गॅस. खाली सुनंदावहिनी ड्रायव्हरला म्हणत होत्या की भाऊजींना तिसऱ्यांदा वर जाऊ दे, नाहीतर कोन गावापर्यंत तोंड सुकवून बसतील.

रस्ता असा: शहाडचा पूल, कल्याण, दुर्गाडीवरून खाडी ओलांडून कोन, तिथून रांजणोली, माणकोली आणि माजिवडा. कोनपासून मेट्रोच्या खांबांमुळे रस्ता कुठे अरुंद, कुठे नुसती खडी. डोक्यावर सिमेंटचे गर्डर बघून मी डोळे मिटून घेत होतो. कंटेनरवाले अंगावर येतात. तुम्ही जाणार असाल तर हाताशी बराच वेळ ठेवा. आम्ही ठेवला म्हणून ठाण्याच्या तलावपाळीला मिसळ खाता आली. तर्री वेगळी मागा. मी मागितली नाही आणि सिनेमाभर छातीत जळजळत होतं. ते मिसळीमुळे की आणखी कशामुळे, हा घोर वेगळा.

हॉल लहान आहे, तलावाच्या मागच्या गल्लीत. गाडी लावायला जागा नाही. आणि महत्त्वाचं, या सिनेमाला मध्यंतर नाही. आमच्या वयाच्यांनी आधीच जाऊन यावं.

दारात वैशाली उभी होती. चेहरा उतरलेला. एवढी माणसं बघून ती हसली, पण मला म्हणाली, "अण्णा, तुम्ही पुढे बसा. चष्मा आणलाय ना?" मी चष्मा दाखवला. तरीही मी मधल्या रांगेत आपल्या माणसांत बसलो. पुढे एकटं बसायची भीती वाटली.

सिनेमा सुरू झाला. भाऊ बोलतोय, बहीण झालेली वैशाली बोलतेय, डाळ निवडली जातेय. थोड्या वेळाने पलीकडचे दोघे उठून गेले. मी सिनेमा कमी आणि दार जास्त बघत होतो. तांबे झोपले. वहिनी मात्र हनुवटीला हात लावून बघत होत्या, जशा शेजारचं भांडण ऐकतात तशा.

मग ती जागा आली. बहीण कप ठेवते, उठून खिडकीशी जाते, बाहेर बघून बोलायला लागते. आपल्याला तिचं तोंड समोरून दिसतं, आणि आवाज पूर्ण बंद. मागून कोणीतरी ओरडलं, आवाज, आवाज. त्या गलक्याने तांबे जागे झाले. पडद्यावर हलणारे ओठ, आवाज नाही. त्यांनी जन्मभर जे केलं तेच केलं. बायकोच्या कानाशी वाकून सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं सांगायला लागले: "गॅस बंद केला का, म्हणतेय. किल्ली घेतली का. खिडकी लावली का. परत एकदा बघून ये, म्हणतेय."

आमची अख्खी रांग हसली. मोहन्याच्या माणसांना कळलं ही नक्कल कोणाची ते. बाकी हॉल चिडला. कोणी म्हणालं गप्प बसा, कोणी म्हणालं बाहेर काढा यांना. वाटलं, मीच आणलेल्या माणसांनी पोरीच्या सिनेमाची माती केली. मी मागे वळलो आणि हात जोडून एकेकाची माफी मागायला लागलो. पुन्हा पडद्याकडे वळलो तेव्हा ती अजून खिडकीतच होती, पण ओठ मिटत होते. शेवटचं काय बोलली ते मी पाहिलंच नाही.

दिवे लागल्यावर चर्चा झाली. झब्बा घातलेले एक गृहस्थ म्हणाले की हे रेडिओवरही चाललं असतं, पडदा कशाला अडवला. एक मुलगी उठली. म्हणाली, मला त्या स्वयंपाकघरातून उठावंसंच वाटत नव्हतं. मग कोणीतरी विचारलं, ती खिडकीत नेमकं काय बोलते?

वैशाली म्हणाली, "ते एका माणसासाठी आहे. त्याला कळेल."

"मग तिकीट त्या एकालाच विकायचं होतं," झब्बेवाले म्हणाले, आणि हॉल हसला. वैशाली हसली नाही. ती माझ्याकडे बघत होती.

बाहेर तिने मला बाजूला घेतलं. तांब्यांबद्दल चकार शब्द काढला नाही. फक्त विचारलं, "शेवटचं कळलं ना, अण्णा?"

मी मान हलवली. हो म्हटलं. तिचे डोळे भरले, तिने माझा दंड घट्ट धरला आणि म्हणाली, मग आता लोक काय वाटेल ते म्हणू देत.

परतीच्या वाटेवर गाडीत भांडण जुंपलं. तांबे म्हणाले, अरे, भाऊ घर देतो की नाही तेवढं तरी सांगायचं. वहिनी म्हणाल्या, "तिने मागितलंच नाही. तुम्ही घोरत होतात तेव्हा झालं ते." अर्धी गाडी म्हणाली डोकं दुखलं, अर्धी म्हणाली आमच्याच घरातलं उचलून ठेवलंय. मी हळूच तांब्यांना विचारलं, ती शेवटी काय म्हणाली? ते म्हणाले, लोक ओरडले तेव्हा चष्मा पडला, मी खाली शोधत होतो. वहिनींना आणि गाडीतल्या बाकी कोणालाच ओठ वाचता येत नाहीत. खाडीचं काळं पाणी मागे गेलं आणि माझ्या लक्षात आलं की आता विचारायला कोणीच उरलं नाही.

तेव्हापासून वैशाली कामात आहे, तिचा फोन नाही. सिनेमा गावोगाव दाखवतेय म्हणे. रात्री मी गॅस बघायला उठतो आणि तिथेच उभा राहतो. माझी नक्कल करून झाल्यावर तिने मला काय म्हटलं असेल? रागाचं असेल का? रागाचं असतं तर डोळे कशाला भरले असते? आणि मी हो म्हणालो ते खोटं होतं हे तिला कळलं तर?

तुमच्यापैकी कोणी तो सिनेमा बघितला आणि ओठ वाचता येत असतील, तर कृपा करून मला सांगू नका. आधी 'सांगा' असंच लिहिणार होतो, पण ते दुसऱ्याच्या तोंडून नको.

वैशाली माझं हे लिखाण वाचत नाही, असं ती म्हणते. पोरी, वाचत असशील तर तुला आता कळलंच आहे. पुढचा खेळ कुठे ते लवकर कळव. नाशिकला असला तरी येईन, एकटा येईन, पुढे बसेन. कोणी कितीही ओरडलं तरी मागे वळून बघणार नाही.