पहिली चढण

बिबवेवाडीतल्या त्या मेकॅनिकचं नाव मी कधी विचारलं नाही. सगळे त्यांना काका म्हणत. माझी जुनी स्पोर्ट्स कार घेऊन गेलो, तेव्हा ते स्टुलावर बसून गुडघा चोळत होते.

"मोठा टर्बो बसवायचाय, इंजिनात जास्त हवा कोंबणारा," मी म्हणालो.

"आणि वेस्टगेट?"

"जुनंच राहू दे."

त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. "अहो, टर्बोकडे जाणारा जादा धूर वळवणारी झडप असते ती. लहान पडली, तर दाब वाढत जातो आणि इंजिन फुटतं. टर्बो सगळ्यांना मोठा हवा, झडप कुणालाच नको. सांगून सांगून थकलो मी."

शेवटी त्यांनी मधल्या मापाचा टर्बो निवडला आणि त्याला पुरेल अशी मोठी झडप. मी कुरकुरतच हो म्हणालो.

आठवड्याने आम्ही कात्रजच्या घाटात गेलो. पायथ्याशी त्यांनी मला उतरवलं. "पहिल्यांदा मी एकटाच चढतो."

"का?"

"एकदा गिऱ्हाइकाच्या हट्टापुढे नमलो. जुन्या झडपेवर मोठा टर्बो चढवून दिला. चढणीवर इंजिन फुटलं, गाडी कठड्यावर आदळली. माणूस वाचला, पण पाय गेला त्याचा. तेव्हापासून आधी मी."

वीस मिनिटांनी ते परतले. दाराला धरून सावकाश उतरले. शर्ट घामाने भिजला होता.

"दाबाचा काटा ठरल्या जागी थांबतोय, पुढे जात नाही. आता तुम्ही चालवा."

मी गाडी घाटाला लावली. शेजारी काकांनी पट्टा लावला, आणि दुसरं वळण येईपर्यंत ते गाढ झोपले होते.