टेबलाचे ठोके

हिंगण्याच्या आमच्या कंपनीत गरोदर बाईच्या पोटावर ठेवून बाळाचे ठोके मोजणारं, हातात मावणारं यंत्र बनतं. त्याचा स्पीकर साहेबांनी 'नंतर बघू' या खात्यात टाकलेला, त्यामुळे ठोके ऐकू येत नाहीत, पडद्यावर नुसता आकडा दिसतो. मी तिथे सॉफ्टवेअर तपासते. म्हणजे जे काम पूर्ण झालं असं सगळ्यांनी जाहीर केलेलं असतं, ते चालतं का ते बघते. या पदाला मित्र मिळत नाहीत.

यंत्र थोडा वेळ पडून राहिलं की बॅटरी वाचवायला झोपतं. झोपण्याआधी आतली ऑपरेटिंग सिस्टीम प्रत्येक भागाच्या ड्रायव्हरला, म्हणजे तो भाग हाताळणाऱ्या प्रोग्रॅमला, सांगते की आता आवरून घे. उठताना सांगते की पुन्हा कामाला लाग. ठोके मोजणाऱ्या चिपची वीज झोपेत पूर्ण जाते, तेव्हा उठल्यावर तिला सगळं पहिल्यापासून शिकवावं लागतं. आमच्या ड्रायव्हरमध्ये दोन्ही प्रसंगांना एकच ओळ होती: सगळं ठीक आहे, असं उत्तर द्यायचं. इतका समाधानी प्रोग्रॅम मी दुसरा पाहिला नाही.

हे कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण आमच्याकडे लाइट कधी जाईल याचा नेम नाही. म्हणून आल्याबरोबर प्रत्येक जण, डबा ठेवायच्याही आधी, आपलं यंत्र चार्जरला लावतो. चार्जरवरचं यंत्र झोपतच नाही. सगळ्या चाचण्या अशा जागरणात पास झाल्या होत्या.

त्या शनिवारी एका दवाखान्यात एका गरोदर बाईवर यंत्राची चाचणी झाली आणि मी ते तसंच पिशवीत घालून हुडकेश्वरला घरी नेलं. मला चौथा महिना होता. आधीचं एक बाळ गेलं होतं, आणि याची हालचाल अजून जाणवत नव्हती. रविवारी सकाळी यंत्र पोटावर ठेवलं. एकशे बेचाळीस. सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली. दुपारी पुन्हा एकशे बेचाळीस. बाळ तुझ्यापेक्षा शहाणं आहे वं, असं त्या म्हणाल्या. मीही हसले. शंका घ्यायचा पगार मला घरी मिळत नाही.

सोमवारी ऑफिसात गेल्यावर यंत्र टेबलावर ठेवून जागं केलं. त्याचा प्रोब, म्हणजे पोटाला टेकवायचं टोक, सनमायकाला टेकला होता. एकशे बेचाळीस. टेबलाची तब्येत उत्तम होती.

मी ड्रायव्हर उघडून वाचला. चिपकडून उत्तर आलं नाही की तो आधीचा शेवटचा चांगला आकडा दाखवत होता. म्हणजे रविवारभर आम्ही ज्यांच्यासाठी देवापुढे साखर ठेवली ते ठोके शनिवारच्या त्या अनोळखी बाईच्या बाळाचे होते. माझ्या बाळाचा एकही ठोका मोजला गेला नव्हता. यंत्र पूर्ण बंद करून चालू केलं की चिप नीट सुरू होते आणि खरा आकडा येतो. एक बटण दाबायचं, बस. ते दाबायला हात धजेना. म्हणून मी भांडायला गेले.

ड्रायव्हर लिहिणारे सीनियर शांत होते.

"मॅडम, तुम्ही त्याले झोपवूनच काहून राहिल्या? चार्जरवर ठेवा ना."

यंत्रांची पहिली खेप दुसऱ्या दिवशी रामटेककडच्या गावांतल्या शिबिरांना जायची होती. तिथे नर्सताईंनी चार्जर झाडाला लावायचा का, असं मी विचारलं. साहेबांचं म्हणणं पडलं की आकडा तर येतो ना. काहीच दिसलं नाही तर बाया घाबरतील. बायांची एवढी काळजी मी कंपनीत प्रथमच पाहत होते. मी यंत्र उचललं आणि प्रोब साहेबांच्या शर्टावर, पोट सगळ्यात पुढे आलं होतं तिथे, टेकवला. एकशे बेचाळीस.

"अभिनंदन, सर," मी म्हटलं. "बाळ सुखरूप आहे."

साहेब त्या आकड्याकडे बघत राहिले आणि मग खेप थांबवा म्हणाले. उठल्यावर चिप पुन्हा सुरू करायची आणि ती तयार होईपर्यंत आकड्याऐवजी रेघा दाखवायच्या, हेही ठरलं. सीनियर लगेच कामाला बसले. मी जिंकले होते, आणि आता भांडायला कुणीच उरलं नव्हतं.

संध्याकाळी बाकीच्या जणी बस धरायला निघाल्या तेव्हा मी लेडीज रूमच्या बाकावर आडवी झाले. यंत्र बंद केलं, चालू केलं, पोटावर ठेवलं. पडदा कोरा; आता दाखवायला जुना आकडाही उरला नव्हता. प्रोब सरकवला, तरी कोरा. टोमणे मारण्यात माझा हात कुणी धरत नाही. तेव्हा एकही सुचला नाही. मला फक्त भीती वाटत होती. प्रोब आणखी थोडा खाली नेला.

एकशे अठ्ठावन्न. मग एकशे एकावन्न. मग एकशे पंचावन्न.

बाहेर बस हॉर्न वाजवत होती. मी रडत होते, आणि आकडा बदलत होता.