सरांनी चाव्या आधीच दिल्या

संचालकांनी सरांना फसवलं. सर म्हणजे मला लोकप्रशासन शिकवणारे युक्रेनियन वंशाचे प्राध्यापक. संचालक म्हणजे शारजातल्या आमच्या संध्याकाळच्या कॉलेजचे प्रमुख, पुण्याकडचे, आपल्यातलेच. हे आधीच सांगून टाकतो.

मी दुबईच्या जबल अली बंदरात कस्टम्समधून माल सोडवायचं काम करतो. रायगडच्या किनाऱ्यावरून आलो तेव्हा मजुरांच्या कॅम्पात राहून हेल्परकी केली. आता कंपनी माझी आहे. पन्नाशीत डिग्रीला नाव घातलं, कारण सगळं आयुष्य सरकारी खिडकीच्या अलीकडे उभं राहण्यात गेलं होतं. पलीकडे काय चालतं ते बघायचं होतं.

पहिल्याच तासाला सरांनी विचारलं, "खिडकीतला माणूस 'उद्या या' का म्हणतो?"

मी म्हणालो, "कारण त्याला काहीतरी हवं असतं."

"नाही," सर म्हणाले. "कारण त्याला कोणी सांगितलेलंच नसतं की तू 'हो' म्हणू शकतोस."

मी भांडलो. माझा आवाज चढतो, बायकोही म्हणते. सर शांतपणे ऐकत राहिले आणि म्हणाले, "मिस्टर कस्टम्स, भाव करून झाला असेल तर बसा." वर्ग हसला. पुढे ते नाव मला चिकटलं.

त्यांचे आईवडील महायुद्धानंतर युक्रेनमधलं गाव सोडून कॅनडात गेले. सर तिथेच जन्मले. शनिवारी चर्चच्या तळघरात भरणाऱ्या शाळेत युक्रेनियन शिकले. पुढे तिथल्या सरकारात चढत चढत मंत्र्याच्या हुद्द्यावर गेले. युक्रेन स्वतंत्र झाल्यावर नव्या अधिकाऱ्यांना शिकवायला कीव्हला गेले, तर तिथली पोरं त्यांच्या भाषेला हसली. "म्हणाले, तुम्ही आमच्या पणजीसारखं बोलता." मला ते लगेच समजलं. माझी मुलगी इथे शारजात, अल मजाजमध्ये वाढली. मी आमच्या गावच्या बोलीत विचारतो, ती इंग्रजीत उत्तर देते, आणि कधीकधी तीही हसते.

युक्रेनमध्ये लढाई सुरू झाली त्या दिवशीही सरांनी तास घेतला. विषय होता, बदली झाल्यावर कार्यभार कसा सोपवावा.  

त्यांचा करार संपत आला तेव्हा त्यांचं मागणं एकच होतं. आम्ही तिघे त्यांचे शेवटचे विद्यार्थी. आमची तोंडी परीक्षा त्यांना स्वतः घ्यायची होती. मग जायला ते तयार होते. संचालक म्हणाले, "एक टर्म वाढवून देतो सर, नक्की. फक्त इन्स्पेक्शन येतंय, तेवढा कार्यभार आत्ताच नव्या माणसाकडे देऊन ठेवा. फॉर्मॅलिटी आहे."

मला कळलं तसा मी गाडी काढून कॉलेजात गेलो. सर वर्गातलं कपाट रिकामं करत होते. वर्षानुवर्षं तयार केलेले धडे, आमच्या कच्च्या प्रबंधांवरच्या त्यांच्या टिपा, परीक्षेचे प्रश्न, सगळं खोक्यांत नीट लावलेलं.

"सर, आधी मुदतवाढीवर सही घ्या. माल हातातून गेला की भाव राहत नाही."

"हा माल नाही."

"त्यांच्यासाठी आहे!"

ते खुर्चीवर बसले. "कॅनडात आमचा पक्ष हरला तेव्हा मी माझं अख्खं खातं समोरच्या पक्षाच्या माणसाला सोपवलं. त्याने मागायच्या आधी. चहासुद्धा करून ठेवला होता. खुर्ची सोडताना हातचं राखायचं नसतं, मिस्टर कस्टम्स. एवढं एकच मला चांगलं जमतं."

"हे सरकार नाही, सर! दुकान आहे हे!"

"मग दुकानाने शिकावं," ते म्हणाले आणि चाव्या शिपायाच्या हातात दिल्या.

पुढच्याच आठवड्यात त्यांना ऑफिसात बोलावून सांगितलं की मुदत वाढणार नाही. नोकरी संपली की इथला मुक्कामही संपतो. ते सत्तरी ओलांडलेले, दुसरी नोकरी कोण देणार? मुलीकडे कॅनडाला जायचं ठरलं. मी त्यांना विमानतळावर सोडलं. वाटेत एका ट्रकने मला कट मारला तरी मी हॉर्न वाजवला नाही. सर म्हणाले, "तब्येत बरी आहे ना?"

तोंडी परीक्षा झाली. सरांच्या खुर्चीत नवा माणूस बसला होता. तो सरांचेच प्रश्न कागदावरून वाचत होता. मी उत्तरं दिली. पास झालो. बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या, मी हात जोडले. आत काही हललं नाही.

बाहेर संचालकांना गाठलं. "सरांना शब्द दिला होतात तुम्ही."

"भाई, रिझल्ट लागला ना तुमचा? खलास. चला, चहा घेऊ."

"शब्द दिला होता की नव्हता?"

"परिस्थिती बदलते, भाई. तुम्ही बिझनेसमन आहात, तुम्हाला मी काय सांगू?"

मी चहा घेतला नाही. ओरडायला गेलो होतो, पण आवाजच चढला नाही. घरी मुलगी म्हणाली, "अब्बा, लेट इट गो."

रविवारी सरांचा फोन आला. पास झालो म्हटल्यावर त्यांना आनंद झाला. मग म्हणाले, "त्या खालच्या कपाटाचं कुलूप अडतं. दार जरा वर उचलून किल्ली फिरवावी लागते. नव्या माणसाला कोणी सांगितलं का?"

मी म्हणालो, "सांगितलं, सर." कोणीही सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी जाऊन मीच सांगून आलो.

भाव पाडणारी माणसं मी रोज बघतो, त्यांच्याशी भांडतो, उद्या पुन्हा त्यांच्याशीच धंदा करतो. हा तसला व्यवहार नव्हता. सरांनी काहीही हातचं न राखता सगळं दिलं होतं. संचालकसाहेब, मला चहा नको आणि परिस्थितीही ऐकायची नाही. ज्या खोलीत सरांनी चाव्या दिल्या, त्याच खोलीत नव्या वर्गासमोर उभे राहा आणि सांगा: शब्द देताना तो पाळायचा तुमचा विचार होता का? हो की नाही, तेवढंच सांगा. मी मागच्या बाकावर बसलेला असेन.