म्हाताऱ्याच्या बदल्यात दोन ससे

चहाचा कप आधी खाली ठेवा. मागे आमच्या बाबूने ठेवला नव्हता, ऐकता ऐकता चहा नाकातून आला. माझी जी फजिती झाली ना, ती दुसऱ्या कुणाची झाली असती तर मी आख्ख्या डिलाईल रोडवर पेढे वाटले असते. पण झाली माझीच!

आमच्या सूनबाईला, स्वातीला, निवडुंगाचा नाद. लोकांच्या दारात तुळस, मोगरा. आमच्या चाळीच्या गॅलरीत काटे! एक लाल डोक्याचा, एक गोल ढेरीचा, एक केसाळ. मी एकदा म्हटलं, "पोरी, एवढे काटे कशाला विकत आणतेस? तुझी सासू आहे ना घरात!" आतून लाटणं आलं. नेम चुकला म्हणून वाचलो.

त्या झाडांची नावं मात्र मी कधी विचारली नाहीत. तिथेच माती खाल्ली.

एका दुपारी मी गॅलरीतल्या आरामखुर्चीत डोळे मिटून पडलो होतो. दाराआड स्वाती फोनवर.

"अगं, म्हाताऱ्याला पाणी फार द्यायचं नाही. पंधरा दिवसांतून एकदा पुरे. जास्त झालं की बुडातून सडतो."

माझा एक डोळा उघडला.

"केस? पांढरेशुभ्र! शाम्पूने धुवायचे, ब्रशने विंचरायचे. पण जपून हं. वरून गोड दिसतो, आतून टोचतो."

दुसराही उघडला. आमच्या मजल्यावर पांढरे केस कुणाचे? माझे. टोचतं कोण? मीच की!

"नाही गं, सासूची गादी नाही देणार मी. म्हातारा खुशाल ने. त्याच्या बदल्यात मला दोन ससे दे. रविवारी ये, आणि ठाकूरद्वारला परत जाताना टॅक्सी कर. त्याला धक्काबुक्की सोसत नाही."

घ्या! म्हणजे बायकोची गादी घरात राहणार आणि गादीवरचा नवरा ठाकूरद्वारला जाणार? तोही सशांच्या बदल्यात? अहो, मी मालवणी माणूस. कोंबडी-वडे म्हणाली असती तर एक वेळ विचार केला असता!

लेक बोटीवर कामाला. दाद मागायची कुणाकडे? गेलो बायकोकडे. ती भाजी निवडत होती.

"ऐकलंस का? सूनबाई मला देऊन टाकतेय."

"कुणाला?"

"ठाकूरद्वारच्या बाईला."

"नीट बघून घेतेय ना ती? मागाहून परत आणून दिलेलं चालणार नाही म्हणावं."

तिचाही दोष नाही म्हणा. गेल्या शिमग्याला 'विंचू चावला!' म्हणून मी असा काही लोळलो की तिने शेजारच्या बायका गोळा करून आणल्या, त्यांनी रडायलाही घेतलं, आणि माझ्या अंगठ्याला निघाला कपडे वाळत घालायचा चिमटा. तेव्हापासून मी खरं बोललो तरी घरात कुणी मान वर करत नाही.

मग भोईवाड्यात बाबूकडे गेलो. बाबू माझा गिरणीतला जोडीदार.

"दोन ससे?" बाबू म्हणाला. "मेल्या, तुझ्या बदल्यात कोण एक घूस देवचो नाय! ती बाई फसली मरे!"

"बाबू, मस्करी नको रे. आमची गॅलरी सुटली तर मी जगू कसा? त्या परक्या घरात सकाळी उठून चपला लपवू कुणाच्या?"

माझा रडवेला चेहरा बघून बाबूने डोकं चालवलं. "तिका म्हातारो कसलो होयो? पांढऱ्या केसांचो, कमी पाणी पिणारो. मगे तू तसो रवूच नको!"

काय डोकं! दोन गाढवं एकत्र आली की असंच होतं.

रविवारी सकाळी माझे केस काळेकुळकुळीत. रंग कानांना लागला, उशीला लागला, थोडा दातालाही लागला. तो कसा, ते विचारू नका. मग स्वातीच्या समोर उभं राहून तांब्यावर तांबे पाणी.

"बाबा, बरं वाटत नाही का?"

"मी रोज एवढंच पितो! आणि सडत नाही!"

संडासाच्या रांगेत मी इतक्यांदा लागलो, की शेजारच्या गावडे वहिनी म्हणाल्या, "आप्पा, रांग तुमच्या दारातनंच सुरू करूया का?"

दुपारी जिन्यात पावलं वाजली. मला शेवटची युक्ती सुचली. गादी राहणार आहे ना? मग मी गादीलाच बांधून घेतो! बायकोची गादी पोटाशी धरली, कंबरेला सुतळीचे वेढे मारले आणि गॅलरीत उभा राहिलो. बाई आली. हातात पिशवी. पिशवीत काहीतरी हललं.

"थांबा!" मी ओरडलो. "मी म्हातारा नाही! पाणी पिंपाने पितो! तुमचे ससे घेऊन उलट्या पावली परत जा!"

बाई जिन्याकडे सरकली. सगळा मजला दारात आला. तेवढ्यात स्वाती घरातून एक कुंडी घेऊन आली. त्यात काठीसारखा उभा निवडुंग, अंगभर लांब पांढरे केस. छान विंचरलेले.

"बाबा, म्हातारा हा."

बाईने घाबरत घाबरत पिशवी उघडली. आत दोन छोट्या कुंड्या, हिरवे चपटे कान वर करून बसलेल्या. "आणि... ससे हे, काका."

काय हसले हो लोक! बायकोने तोंडात पदर कोंबला, तरी आवाज खालच्या मजल्यावर गेला. मागे माझी आरामखुर्ची होती. धप्पकन बसलो.

"बाबा, नको! तिथे सासूची गादी..."

ती गोल ढेरीची! पिवळ्याधमक काट्यांची! म्हाताऱ्याला विंचरायला आत नेताना स्वातीने ती वाटेतून उचलून माझ्या खुर्चीत ठेवली होती. आता विचार करा माझा. पोटाला बायकोची गादी, बुडाला सासूची गादी!

संध्याकाळी मी पालथा पडलो होतो. बाबू चिमट्याने एकेक काटा काढत होता आणि प्रत्येक काट्याला "हलू नको मरे" म्हणत हसत होता. दाराआड स्वाती पुन्हा फोनवर.

"नीट पोचला ना म्हातारा? हो, आमचाही बरा आहे. काय म्हणतेस? छे गं, त्याच्या बदल्यात आता कोण काय देणार? वरून रंग लागलाय आणि बुडातून गेलाय."